फाइल पाठवली नाही

नगरच्या मार्केट यार्डात ठिबकचं सामान विकणारे एक शेठ होते. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत त्यांच्याकडून माल उचलणारा एकेक दुकानदार होता, आणि शेठ त्यांना गावावरूनच हाक मारत. अकोलेकर, पारनेरकर, जामखेडकर. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा हा. अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याला भाताची खाचरं तुडुंब भरलेली असतात, तेव्हा कर्जत-जामखेडकडं लोक आभाळाकडं बघत बसलेले असतात. ठिबक मात्र दोन्हीकडं लागतं.

या धंद्यात पाइपाइतकेच कागद असतात. त्या वेळी अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, सोडतीत नाव, मग सातबारा, आठ-अ, पूर्वसंमती, जोडणी झाली की कृषी सहायकाची मोका तपासणी. हे सगळे कागद पूर्वी व्हॉट्सॲपवर यायचे आणि सुप्रभातच्या फुलांत हरवायचे. शेठचे हिशेबनीस तात्या रोज संध्याकाळी चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमध्ये सातबारे शोधत बसत.

2023 च्या पावसाळ्याच्या तोंडावर शेठच्या भाच्यानं यावर उपाय काढला. पोरगा तंत्रनिकेतनात शिकत होता, हुशार होता, आणि हुशारीचं कौतुक झालेलं त्याला आवडायचं. त्यानं पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक तालुक्याच्या दुकानदारानं दिवसाची यादी आणि स्कॅन केलेले कागद गूगल ड्राइव्हवर टाकायचे. तिथून ते शेठच्या संगणकावर डी ड्राइव्हमधल्या ‘डेटा’ नावाच्या फोल्डरात, तालुक्याच्या फोल्डरात उतरायचे. सात वाजता प्रोग्राम चालवला की चौदा याद्या एक होऊन उद्या कुठल्या तालुक्याचा टेम्पो आधी भरायचा ते छापून यायचं. पोरानं कर्जतच्या फोल्डरावर तो चालवून दाखवला. झकास चालला. शेठनी पेढे आणले.

पहिल्याच आठवड्यात कागदाच्या तळाशी एक छोटी यादी यायला लागली.

अकोले: फाइल पाठवली नाही.
नगर: फाइल पाठवली नाही.
नेवासे: फाइल पाठवली नाही.
राहाता: फाइल पाठवली नाही.
राहुरी: फाइल पाठवली नाही.

बाकीचे नऊ तालुके बिनचूक. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, एकाचीही तक्रार नाही.

संगणकानं छापलेलं वाक्य खोटं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि माणसं कारणं शोधायला बसली की ती सापडतातच. अकोलेकरांचं कारण सोपं होतं. भंडारदऱ्याकडचा पाऊस, वीज नाही, रेंज नाही. नेवासेकर मुळातच सुस्त, हे शेठचं जुनं मत होतं. राहातेकरांचं दुकान शिर्डीच्या रस्त्यावर, त्यांना गिऱ्हाइकातून सवड कुठली! राहुरीकरांच्या गावात कृषी विद्यापीठ, तेव्हा ‘ते आपल्याला शहाणे समजतात’ एवढं पुरलं. फोन सुरू झाले. “पाठवली हो शेठ, दुपारीच पाठवली,” असं चौघंही सांगत. एकदा अकोल्याच्या फोल्डरात फाइल दिसलीसुद्धा, पण ती उशिरा टाकली असणार असं ठरलं. त्या तालुक्यांची कामं दुसऱ्या दिवशी हातानं भरली जात, त्यांचा टेम्पो एक दिवस मागं राही, आणि महिन्याच्या शेवटी ‘वेळेवर यादी न दिल्याबद्दल’ त्यांचं कमिशन कापलं गेलं.

पाचव्या तालुक्याला मात्र कुणी फोन केला नाही. नगरची यादी तात्या स्वतः, त्याच संगणकावर, त्याच खुर्चीत बसून तयार करत. तळाच्या यादीत नगरचं नाव आलं की ते मुकाट्यानं फोल्डर उघडून आकडे हातानं चढवत. घरचंच काम होतं, बोभाटा कशाला!

ऑगस्टात अकोलेकर स्वतः आले. पहाटेच्या एसटीनं संगमनेर, तिथून दुसरी गाडी. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, आणि पिशवीत प्लास्टिकच्या तीन थरांत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह. चहा आला तो त्यांनी बाजूला सारला.

“शेठ, पैशाचं राहू द्या. आमच्याकडं चार दुकानदारांत ‘अकोलेकर काम करीत नाहीत’ असं झालंय. तुमच्यासमोर फाइल टाकतो. मग बोला.”

त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल स्वतःच्या हातानं अकोल्याच्या फोल्डरात चिकटवली. पोरानं प्रोग्राम चालवला. कागद बाहेर आला. अकोले: फाइल पाठवली नाही.

पडद्यावर एका बाजूला फाइल दिसतेय आणि दुसऱ्या बाजूला ती नसल्याचं लिहिलंय. शेठ एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. पोरगा म्हणाला, “नेटचा काहीतरी...” आणि त्याचं त्यालाच कळलं की इथं नेटचा संबंधच नाही.

तेव्हा तात्या बोलले. “नगरची फाइल तर मी याच टेबलावर करतो. माझी रेंज कुठं गेली म्हणायची?”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?” शेठ म्हणाले.

“मला काय नोटीस आली नव्हती.”

आता पोराला प्रोग्राम उघडावा लागला. त्यानं काय केलं होतं ते सांगायला हवं, कारण असं करणारा तो काही एकटा नाही. फाइल वाचताना कसलीही अडचण आली तर प्रोग्राम मध्येच बंद पडू नये म्हणून त्यानं अडचण झेलायची सोय केली होती. ते ठीकच. पण झेलल्यावर ती कसली आहे हे न बघता, सगळ्या अडचणींसाठी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं. फाइल नसली, फाइल फुटलेली असली, फोल्डरचा पत्ता चुकलेला असला, तरी उत्तर एकच: फाइल पाठवली नाही. स्वतःची चूक झाली तर तिच्यावर आपोआप दुसऱ्याचं नाव पडेल, अशी व्यवस्था त्यानं नकळत करून ठेवली होती.

ते झाकण त्यानं काढलं. मग प्रोग्राम प्रत्येक तालुक्याच्या फोल्डरचा पत्ता काय समजतोय ते पडद्यावर छापायला सांगितलं. सगळे मागं उभे राहिले.

पहिलाच अकोले. संगणक ‘टिंग’ असा वाजला आणि पडद्यावर डेटा आणि कोले हे एकमेकांना चिकटून आले. मधली तिरकी रेघ नाही, अकोल्याचा ‘अ’ नाही. संगमनेर, कोपरगाव नीट आले. राहात्याच्या जागी ‘अहाताटा’ असं काहीतरी उमटलं. त्याच्या आधीची डी ड्राइव्हची सुरुवातच पुसली गेली होती. राहुरीचं ‘अहुरीटा’ झालं. नेवासे आणि नगर तर दोन ओळींत तुटले. वरच्या ओळीत डेटा, खालच्या ओळीत एकटंच ‘अगर’.

पोराचं तोंड उतरलं. तात्या मात्र पुढं वाकले. ते जुन्या काळचे टायपिंग पास होते, मराठी तीस, इंग्रजी चाळीस.

“परत वाजव बघू.” टिंग. “हे मशीनचं आहे रे. ओळ संपत आली की घंटी वाजायची. आणि हे राहात्याचं बघ, कॅरेज मागं ओढलं पण कागद वर सरकलाच नाही, तर असंच ओळीवर ओळ छापून यायचं. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक रेमिंग्टन होतं, त्याचं रोज हेच.”

तात्यांना पायथनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते अक्षरशः बरोबर बोलत होते. पोरानं पत्ते लिहिले होते विंडोजच्या रिवाजाप्रमाणे, फोल्डरांच्या मध्ये उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, टाकून. आणि पायथनमध्ये बॅकस्लॅशच्या पाठोपाठ इंग्रजी ‘ए’ आला की त्याचा अर्थ घंटी, ‘एन’ आला की नवी ओळ, ‘आर’ आला की कॅरेज मागं. टेलिप्रिंटरच्या जमान्यापासून चालत आलेल्या या खुणा आहेत. अकोल्याचा ‘ए’, नगर-नेवाशाचा ‘एन’, राहाता-राहुरीचा ‘आर’. बॅकस्लॅशपुढं आलेल्या ‘एस’, ‘के’, ‘पी’, ‘जे’ या अक्षरांना असा कसलाच खास अर्थ नाही, म्हणून पायथन त्या रेघेला हात लावत नव्हता आणि नऊ तालुके निव्वळ नशिबानं सुटले होते. तालुक्यांची नावं इंग्रजीत, लहान लिपीत लिहिली होती एवढंच निमित्त. चिठ्ठ्या टाकून पाच माणसं निवडावीत आणि त्यांना आळशी ठरवावं, त्यातला प्रकार झाला. यातली सगळ्यात वाईट गोष्ट पोराच्या लक्षात आली ती ही, की त्यानं चाचणी कर्जतवर घेतली होती. अकोल्यावर घेतली असती तर पहिल्या मिनिटाला घंटी वाजली असती.

त्या वेळच्या पायथनमध्ये अशा खास अर्थ नसलेल्या खुणांबद्दलचा इशारा असे, पण तो सहसा दडलेला असे. त्याच ऑक्टोबरमध्ये आलेल्या 3.12 पासून तो उघड दिसू लागला. तो आधी दिसता तर सुटलेल्या नऊ तालुक्यांच्या ओळींवरही बोट ठेवलं गेलं असतं.

हा घोळ मुळात कुणाचा, याचं उत्तर चाळीस वर्षं मागं जातं. युनिक्स ही प्रणाली आणि सी ही भाषा, दोन्ही अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1970 च्या आसपास जन्मल्या. तिथं फोल्डर वेगळे करायला सरळ तिरकी रेघ आणि खास खुणांसाठी उलटी, अशी वाटणी होती; दोघींत भांडण नव्हतं. 1981 च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, आणि सरळ रेघ तोवर आज्ञांचे पर्याय सांगण्यासाठी वापरात गेली होती. 1983 मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उरलेली उलटी रेघ त्यांच्या वाट्याला आली. विंडोजनं तोच वारसा घेतला आणि भाषांनी सीचा. दोन घराण्यांचा एकच मोहरा झाला. जपानी संगणकांवर तर ही रेघ कित्येक वर्षं येनच्या चिन्हासारखी दिसत आली आहे, म्हणजे तिथले फोल्डर पैशांनी जोडलेले! गंमत अशी की विंडोज स्वतः बहुतेक ठिकाणी सरळ रेघही मुकाट चालवून घेतं. हट्ट असतो तो आपल्या सवयीचा.

पोरानं त्याच बैठकीत प्रत्येक बॅकस्लॅशच्या जागी दोन-दोन टाकले. पाचही तालुके उघडले. शेठनी अकोलेकरांचा हात धरला, “चुकलं आमचं,” म्हणाले आणि तात्यांना कापलेलं कमिशन चौघांचंही काढायला सांगितलं. अकोलेकरांनी गार झालेला चहा घेतला. उठताना पोराला म्हणाले, “बाळा, तेवढं वाक्य बदल. फाइल उघडली नाही तर उघडली नाही म्हण. पाठवली नाही हे तुला इथं बसून कसं कळणार?”

वाक्य त्यानं बदललं नाही. बदलू म्हणाला आणि राहून गेलं. फाइली तर आता येत होत्या.

दिवाळीनंतर पारनेरकरांचा फोन आला, आणि या खेपेला पाठवणाऱ्याचा प्रश्नच नव्हता. एका शेतकऱ्याचा अर्ज तालुका कृषी कार्यालयातून परत आला होता, कारण त्याला जोडलेला सातबारा दुसऱ्याच माणसाचा होता. पोरगा स्कॅनच्या फाइलींना गट नंबराचं नाव देत असे. गट नंबर असतात 145/2 असे, हिश्श्यासकट, मध्ये तिरकी रेघ. फाइलच्या नावात विंडोज ती रेघ चालू देत नाही, आणि पत्त्यात ती आली की 145 नावाच्या फोल्डरात शिरायला बघतं. खुद्द ‘7/12’ हेसुद्धा फाइलला देता न येणारं नाव आहे. यावर पोराचा उपाय होता रेघ गाळून टाकायची. बरेच महिने निभावलं. मग एकाच गावातले दोन शेतकरी आले, एकाचा गट 21/1/1, दुसऱ्याचा 211/1. रेघा गाळल्यावर दोघंही 2111. दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या डोक्यावर बसली आणि पहिल्याची गेली.

तात्यांनी दोन्ही आकडे कागदावर मांडले आणि बराच वेळ बघत राहिले. नगर जिल्ह्यात बांध कोरण्यावरून भावाभावांच्या दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत.

“लोक वीतभर बांध कोरतात,” ते म्हणाले. “तू तर गावचे सगळे बांध एका रात्रीत नांगरलेस.”

हे पोराला लागलं. कमिशनचं प्रकरण त्याच्या लेखी तांत्रिक होतं, हे नव्हतं. शनिवार-रविवार तो दुकानातच बसला आणि प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला. आधी त्यानं हातानं रेघा टाकून पत्ते जोडणं बंद केलं. पायथनमध्ये 2014 पासून पाथलिब नावाची लायब्ररी आहे. तिला फक्त नावं द्यायची, मुख्य फोल्डर, तालुका, गाव, फाइल. मध्ये कुठली रेघ घालायची ते ती चालू असलेल्या प्रणालीप्रमाणे स्वतः ठरवते. जावा, सी शार्प, क्यूटी, सगळ्यांकडं अशी सोय आहे आणि सगळीकडं नवखी माणसं ती सोडून अधिक चिन्हानं मजकूर जोडत बसतात, कारण स्वतःच्या संगणकावर ते चालतं. मुख्य फोल्डरचा पत्ता त्यानं एकाच जागी लिहिला. गट नंबर यादीत जसाच्या तसा, रेघेसकट राहू दिला, कारण तो शेतकऱ्याचा आहे, प्रोग्रामचा नाही. फाइलच्या नावात रेघेच्या जागी आडवी खूण घातली आणि पुढं अर्जाचा क्रमांक जोडला, म्हणजे दोन माणसं पुन्हा एका नावावर येणार नाहीत. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहायचं नाही, थांबायचं आणि विचारायचं.

मग त्यानं अकोलेकरांचं वाक्य घेतलं. आता तिथं तालुक्याला दोष नव्हता. कुठली फाइल उघडता आली नाही, तिचा पूर्ण पत्ता, आणि संगणकानं दिलेलं कारण, असं तिन्ही छापून यायला लागलं. चाचणीला त्यानं पहिलं नाव अकोल्याचं घातलं.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. शेठनी पाटी, शिक्के, बिलबुकं, सगळं बदलायला काढलं आणि संगणकातल्या मुख्य फोल्डरलाही हेच नवं नाव हवं म्हणाले. पोरानं एक ओळ बदलली. जुन्या पद्धतीनं लिहिलेलं असतं तर नव्या नावाच्या पहिल्या ‘ए’मुळं चौदाही तालुक्यांची घंटी वाजली असती. शिक्केवाल्यानं पहिल्या खेपेला ‘ल’चा पाय मोडून आणला नाही, त्यामुळं शिक्क्यांना मात्र आठवडा गेला.

पुढं प्रोग्राम दुकानदारांच्या संगणकांवरही गेला. श्रीरामपूरकरांच्या मुलानं जुना, रखडणारा संगणक लिनक्सवर चालता केला होता. पहिल्याच संध्याकाळी तिथून फोन आला. तात्यांनी उचलला.

“तात्या, इथं फोल्डर सापडला नाही म्हणतंय. पत्ता दिलाय पूर्ण. वाचू का?”

“वाचा.”

श्रीरामपूरकर एकेक अक्षर वाचत गेले आणि मध्येच थांबले. लिनक्सला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी वाटतात. विंडोजला सहसा फरक पडत नाही.

“अहो, यात आमच्या गावाचा एस लहान आहे, आणि आमच्या पोरानं फोल्डर मोठ्या एसनं केलाय. थांबा जरा.”

थोडा वेळ कळफलकाचा आवाज आला.

“झालं. चौतीस अर्ज गेले बघा. उद्याच्या टेम्पोत आमचा माल वर ठेवा, खाली ठेवला की फिटिंगचे तुकडे होतात.”